टाकीचं विरजण

रविवार, ४ मे

मासे का आणलेस? आईने विचारलं. बाबांनी विचारलं. टोकाच्या खोलीतल्या नलूमावशीने तर दारात उभं राहून, कमरेवर हात ठेवून विचारलं. मला सांगता आलं नाही. निदान इथे लिहिता येईल म्हणून बसले, तर इथेही येत नाही.

आणले एवढं खरं. क्रॉफर्ड मार्केटमधून, सहा. तीन पिवळे, तीन निळे, बोटाएवढे. सिक्लिड म्हणतात. दुकानदार चिचलेट चिचलेट करत होता. मी सुधारलं, तर म्हणाला, "मॅडम, नाम कुछ भी रखो, लडते बहुत हैं." आफ्रिकेतल्या तळ्याचे, म्हणून रागीट. सुंदर आहेत पण! पिवळा म्हणजे अगदी हळदीचा पिवळा.

टाकी दोन फुटी. बाबांनी स्टँडखाली प्लाय घातला — "जमीन जुनी आहे, खालच्या मजल्यावर समुद्र नको." ठेवली मधल्या भिंतीला. खिडकीपाशी जागा होती, पण तिथे ऊन येतं, शेवाळ धरतं. हे कारण आईला सांगितलं. खरंही आहे.

मधली भिंत फळ्यांची. पलीकडे राधाकाकू-बुधाजीकाकांची खोली. ते लोक महिनाअखेर चाळ सोडताहेत. त्यांच्या राजरत्नने नाशिकला घर घेतलंय भाड्याने, आईवडिलांना घेऊन जाणार.

सोमवार, ५ मे

सगळे मासे वर येऊन तोंड उघडताहेत. काहीतरी चुकलंय.

मंगळवार, ६ मे

एक निळा गेला. सकाळी दगडाजवळ आडवा होता.

चूक माझीच. टाकी धुतली, नळाचं पाणी भरलं, त्याच दिवशी मासे सोडले! दादरच्या क्लासात नववीच्या पोरांना मी जलचक्र आणि नायट्रोजनचक्र शिकवते! माशांच्या घाणीचा अमोनिया होतो. तो खाणारे जिवाणू नव्या टाकीत नसतातच, ते यायला महिना-दीड महिना लागतो. तोपर्यंत मासे आपल्याच घाणीत गुदमरतात. थेंब टाकून पाणी तपासलं. पिवळं यायला हवं, आलं हिरवंगार.

आता रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, क्लोरीन उडालेलं. म्हणजे एक पिंप माझं. पहाटे पाणी आलं तेव्हा आईचा पट्टा सुरू — "माणसांक पाणी नाय आणि हिचे मासे न्हातत!" रागावली की ती थेट मालवणात जाते. गॅलरीभर हसले सगळे.

खायला चिमूटभरच दिलं. ते काचेपाशी येऊन बघत राहतात. मी पण.

गुरुवार, ८ मे

आज आईने काय केलं!

या माशांना जड पाणी लागतं, आपल्या नळाचं हलकं. टाकीत शिंपल्यांचा चुरा टाकला की हळूहळू सुधारतं. मी सहज बोलले होते. आज बाजारातून तिसऱ्या आणल्या. सुकं झालं, जेवणं झाली, आणि ही मोरीत बसून शिंपले घासतेय. उकळले, वाळवले, खलबत्त्यात कुटले. "घे तुझ्या पावण्यांना."

टाकीच्या तळाशी पांढरं पसरलंय. छान दिसतं. आई स्टुलावर बसून बघत होती, ओठ थोडे उघडे. "ह्यो पिवळो म्हातारो तुझ्या आजोबांसारखो बघता," म्हणाली. इतकी आवडली मला त्या वेळी.

पाणी अजून हिरवंच येतंय.

शुक्रवार, ९ मे

उपाय मिळाला. जुन्या, निरोगी टाकीच्या फिल्टरमधला स्पंज आणून नव्या टाकीत ठेवायचा. जिवाणू तयारच येतात, पसरतात. आईला सांगितलं, "अगं, विरजण! नुसतं दूध ठेवून दही होत नाही ना, तसं." तिला लगेच पटलं. "मग इतके दिवस सांगायचंस ना. माग कुणाकडे तरी."

"बुधाजीकाकांकडे आहे की. राजरत्नची टाकी. दहा वर्षं जुनी."

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांच्याकडचं नको. दुकानात त्या जिवाणूंची बाटली मिळते म्हणालीस ना, ती आण."

"का?"

"त्यांचं पाणी कशाला घरात."

"आई, माशांच्या टाकीत!"

"घरातच आहे ना टाकी."

आवाज चढला नाही. चेहरा बदलला नाही. मीठ संपलंय हे सांगावं तसं. मग मला म्हणाली, देठं टाकून दे.

शनिवार, १० मे

लहानपणी दह्याला विरजण आणायला मलाच पाठवायची. वाटी घेऊन. शेजारचं दार ओलांडायचं, मग आणखी दारं, मग टोकाला नलूमावशीकडे. राधाकाकू दारातच लसूण सोलत बसलेल्या असायच्या. "पळ गं, सांडू नकोस," म्हणायच्या.

मला वाटायचं नलूमावशीचं दही गोड.

राधाकाकू कधीच काही बोलल्या नाहीत. रोज गॅलरीत आईशी गप्पा. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा रात्री त्याच माझ्याजवळ झोपल्या होत्या. आणि मी त्यांच्या पायांवरून वाटी घेऊन जात होते — किती वर्षं!

दोन वर्षांपूर्वी राजरत्नने लग्नाचं विचारलं, तुझ्या घरी आमचं चालेल का म्हणाला, तेव्हा मी काय तोऱ्यात म्हटलं होतं, "आमच्या घरात असलं काही नाही रे! आजच विचारते आईला." त्याने अडवलं. "विचारू नकोस. विचारून कळत नाही, बघून कळतं. बघ, आणि मग सांग मला." मला राग आला होता. माझ्या आईला ओळखतोस का तू, म्हटलं. त्यानंतर तो नाशिकला गेला. वाढदिवसाचे मेसेज तेवढे येतात. शुभेच्छा. एक शब्द आणि एक फूल.

रविवार, ११ मे

गेले. बुधाजीकाका बनियनवर पेपर वाचत होते. मी मासे सांगितले तर कपाळाला हात — "एंजल नाही, गप्पी नाही, डायरेक्ट गुंड आणलेस?"

"सुंदर आहेत काका."

"गुंड सुंदरच असतात."

अर्धा स्पंज कापून दिला. काळा, बुळबुळीत. त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, पिशवीत. "नळाखाली धरू नकोस हां." माहीत होतं, तरी मान डोलावली.

त्यांच्या टाकीत हिरवी वेल वाढलीय, पार वरपर्यंत. मासे थोडेच उरलेत. काका म्हणाले, नाशिकला नेणार नाही, वाटेत मरतील, काळाचौकीत अभयला देणार. अभय म्हणजे त्यांचा भाचा. मोटर चालू होती. बुडबुड, बुडबुड. भिंतीच्या त्या बाजूने तो आवाज वेगळाच लागतो, जवळचा.

घरी येऊन स्पंज लावला. आई बघत होती. "बाटली आणलीस?" "नाही."  आज ती टाकीपाशी बसली नाही.

सोमवार, १२ मे

बुद्धपौर्णिमा. राधाकाकू खिरीचा डबा देऊन गेल्या. दर वर्षी देतात. दर वर्षी आई हसून घेते, "कशाला एवढी तसदी!" म्हणते, दुसऱ्या दिवशी डबा घासून त्यात साखर घालून परत करते. मी मधलं कधी बघितलंच नव्हतं. कॉलेजात नाहीतर क्लासला असायचे.

आज रजा घेतली. बघायचं ठरवून घरी राहिले, चोरासारखी.

आईने डबा ओट्याच्या कडेला ठेवला. आमच्या भांड्यांपासून लांब. दुपारी झाडूवाल्या बाई आल्या. "घे गं, आमच्याकडे कोण खाणार? ह्यांना शुगर, मला दूध सोसत नाही." — आई सकाळ-संध्याकाळ दुधाचा चहा पिते!

मी उठले. डबा आईच्या हातातून घेतला. अर्धी खीर झाडूवाल्या बाईंना दिली, अर्धी तिथेच उभ्याने खाल्ली. रडत रडत, पण सगळी खाल्ली.

बाबा खाटेवरून म्हणाले, "कशी झालीय?"

"वेलची जास्त आहे."

बाबांनी आईकडे बघितलं, मग चप्पल घालून खाली गेले.

मंगळवार, २० मे

पाणी पिवळं! स्वच्छ पिवळं! तीनदा तपासलं. पाचही ठणठणीत. मोठा निळा बाकीच्यांना हाकलत होता, म्हणून काल सगळे दगड हलवून कपारी बदलल्या. हद्दच पुसली की भांडण मिटतं. आता प्रत्येकाने आपलं भोक शोधलंय.

हे कुणाला सांगू? नाव एकच सुचतं.

आता लिहिता येईल, मासे का आणले ते. दहावीत राजरत्नने टाकी लावली. तेव्हापासून भिंतीपलीकडून ती मोटर ऐकतच मी झोपते. बारावी त्या आवाजात केली, बी.एस्सी. त्या आवाजात. तो गेला तरी आवाज होता. काका पाणी बदलायचे, मला वाटायचं कुणीतरी आहे तिकडे. महिनाअखेर तोही बंद होणार, हे राधाकाकूंनी ज्या दिवशी सांगितलं त्याच आठवड्यात मी क्रॉफर्ड मार्केटला गेले.

आता आमची मोटरही बुडबुडते. पण ऐकताना कळतं की ती आमची आहे.

रविवार, २५ मे

आई माशांना खाणं घालते, मी नाही असं बघून. माझ्याशी कामापुरतं बोलते. चांगली आहे माझी आई. हेच तर कठीण आहे.

गुरुवार, २९ मे

वाटी घेऊन गेले. हातात वाटी असताना पहिल्यांदाच त्या दाराला थांबले. सामान बांधून झालेलं, राधाकाकू खोक्यावर बसलेल्या.

"काकू, विरजण द्या ना थोडं."

त्यांनी वाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. 

"आईला सांगून आलीस?"

"नाही."

"मग सांगून ये, मेघू. चोरून नेलेलं विरजण माझ्या घरातून जात नाही."

मायेने म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. रिकामी वाटी घेऊन परत आले. आईने विचारलं, कुठे गेली होतीस? म्हटलं, कुठे नाही.

भित्री! भित्री!

शुक्रवार, ३० मे

तो आला. वाळलाय. दाढी ठेवलीय, बरी दिसते. बाबांना भेटायला आत आला, तर आधी टाकीपाशीच वाकला.

"शिंपले कुठले?"

"आईने तिसऱ्यांचे कुटून दिले."

"काकींनी?" हसला. आईही ओट्यापाशी हसली, चहा टाकला त्याला. कप कोणता दिला ते मी बघितलं. वरच्या फळीवरचा, टवका उडालेला. त्यानेही बघितलं. सवयीने बघितलं. चहा प्यायला, कप स्वतः विसळून पालथा घातला.

गॅलरीत म्हटलं, "बघितलं मी."

"काय?"

"सगळं. खीर. विरजण. आत्ताचा कप."

तो कठड्याला टेकला. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. "माझा प्रश्न तोच आहे गं," म्हणाला. "दोन वर्षांत बदलला नाही." तेवढ्यात बुधाजीकाकांनी हाक मारली, दोरी कुठे ठेवलीस रे?

हो म्हणायचं सोडून मी दोरी शोधायला गेले. 

शनिवार, ३१ मे

टेम्पो गेला. भिंतीपलीकडे काहीच नाही.

रविवार, १ जून

काल एवढंच लिहून पेन ठेवलं.  आज लिहिते.

ते सामान उतरवत होते, आई गॅलरीत निरोपाला उभी होती. तिच्याजवळ गेले आणि म्हटलं — आई, राधाकाकूंकडून विरजण आणतेय. आणि मी राजरत्नशी लग्न करणार आहे. दोन्ही एकदमच सांगितलं, वेगवेगळं सांगायला धीर पुरला नसता. राजरत्न जिन्यात होता, कपाटाचं एक टोक धरून. त्याने ऐकलं. कपाट तिथेच टेकवलं.

मग राधाकाकूंच्या दारात वाटी धरली. "सांगून आलीस?" "सांगून आले." चमचाभराचं काम, त्यांनी वाटी भरून दिली.

रात्री दूध मीच विरजलं. आई जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पण सकाळी उठून बघते तर पातेल्यावर झाकण, झाकणावर वरवंटा — मांजराच्या भीतीने ती ठेवते, तसा.

मी ठेवला नव्हता. बाबांना वरवंटा कुठे असतो तेही माहीत नाही.

दही घट्ट लागलंय.