न वाचलेली ओळ

नवीन पनवेल,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुमती मॅडम,

नमस्कार. मोठ्या माणसांना पत्र कसं सुरू करतात ते आईला विचारलं, तर म्हणाली आधी तब्येत विचार. तर कशी आहे तब्येत? कंबर? मराठीत एवढं लिहायची मला सवय नाही, बोलते तसंच लिहितेय.

पत्ता ग्राउंडवरच्या काशिरामदादांनी दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर तुमचा फोटो मला तीन वर्षं दिसत नाही, त्याचा अर्थ मला कळतो. दादा म्हणाले, "पत्ता देतो, पण उत्तराची वाट बघू नको." तरी लिहितेय.

आधी इकडच्या बातम्या. कॉलेजमागचं बास्केटबॉलचं कोर्ट आहे तसंच आहे. एक रिंग अजून डावीकडे झुकलेली. नवीन मुली आल्या की मी तुमचंच वाक्य मारते, "रिंग सरळ होणार नाही, तुम्हीच वाकडं मारायला शिका." दादा अजून चुन्याने रेषा मारतात आणि लोक अजून त्या रेषांवरच बाइक लावतात. डिसेंबरपासून नवीन विमानतळाची विमानं डोक्यावरून जायला लागलीत. आवाजात शिट्टी ऐकू येत नाही, मग मी नुसता हात वर करून उभी राहते. मुली हसतात.

तुमच्या जागी मी आहे हे तुम्हाला कळलंच असेल. अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, एक महिना ब्रेक, परत अकरा महिने. तुम्ही अशी बारा वर्षं काढलीत हे आम्हाला माहीतच नव्हतं. मला वाटायचं मॅडम म्हणजे कायमच्या.

पहिलं वर्ष मी वेडी झाले होते, खरंच. फोनवर मॅच बघायची, वहीत प्ले काढायचा, सकाळी साडेसहाला मुलींकडून करून घ्यायचा. नऊ जणींची टीम झाली. आणि ह्या वर्षी आम्ही झोनलच्या सेमीफायनलला गेलो, मॅडम! तुमच्यानंतर पहिल्यांदा.

दिपिकाबद्दल सांगते. ती तुम्हाला भेटलेली नाही. ओवे गावची आहे, टी.वाय.ला. पहिल्या बसने यायची, सगळ्यांच्या आधी कोर्टवर. उंची जास्त नाही, पण रिबाउंडला अशी उडायची की समोरची उंच मुलगी नुसती बघत राहायची. पोलीस भरतीची तयारी करत होती. आठशे मीटर तीन मिनिटांच्या आत. म्हणायची, "मॅडम, मी पोलीस झाले ना, कोर्टवरच्या बाइका पयल्या मीच उचलनार."

करत होती, म्हणायची. बघा, सगळं भूतकाळातच लिहिलं जातंय.

सेमीफायनल अलिबागला होती, १३ जानेवारीला. दोघींची एटीकेटीची परीक्षा, एकीला ताप. अंकिताच्या बहिणीची हळद, आणि हळदीच्या दिवशी घरातून मुलीला सोडतात का? मी फोन केला तर तिचे वडील म्हणाले, "मॅडम, तुमीच या हालदीला, बॉल घेऊन या." म्हणजे उरल्या पाच. पाचवी दिपिका. तिचा गुडघा चार दिवसांपूर्वी प्रॅक्टिसला मुरगळला होता, सुजलेला होता. मला माहीत होतं. बर्फ मीच लावला होता.

पाच जणी उभ्या राहिल्याशिवाय मॅच सुरू होत नाही, ते तुम्हाला मी काय सांगणार.

मी तिला म्हटलं, फक्त सुरुवातीला उभी राहा, पहिला बॉल उडाला की तुला बाहेर घेते, मग बाकीच्या चौघी खेळतील, नियमात तेवढं चालतं. ती म्हणाली, "बरं." पहिला बॉल उडाला, तिनेच पकडला, बास्केट. मग अजून एक. आम्ही सहा पॉइंटने पुढे होतो, मॅडम. तिने दोनदा माझ्याकडे वळून बघितलं. मी टाळ्या वाजवत होते.

तिसऱ्या क्वार्टरला ती रिबाउंडला उडाली आणि खाली आली. आवाज मला बेंचपर्यंत ऐकू आला.

तीन वर्षांपूर्वीची फायनल तुम्ही विसरला नसाल. तेव्हाही पाचच होतो, आणि माझा घोटा सुजलेला. मी रडत होते, पाया पडत होते, मला खेळू द्या. तुम्ही टेबलापाशी गेलात, पेन घेतलंत आणि समोरच्या टीमला वॉकओव्हर देऊन टाकलात. परत येताना गाडीत कोणी तुमच्याशी बोललं नाही. तुम्ही गूळ-शेंगदाण्याचा डबा पुढे केलात, तोसुद्धा कोणी घेतला नाही. माझा घोटा दहा दिवसांत बरा झाला. मी आजही पळते.

आणि त्यानंतर तुमच्याविरुद्ध जे पत्र प्रिन्सिपलकडे गेलं, ते मी लिहिलं होतं. सगळ्या म्हणाल्या, ऋचा, तुझं इंग्लिश चांगलं आहे, तू लिही. कोच टीमला मुद्दाम हरवतात असं लिहिलं मी. घरोघर जाऊन सह्या घेतल्या. तुमचं कॉन्ट्रॅक्ट परत आलं नाही. हे तुम्हाला आधीच माहीत असेल, नसेल तर आता आहे.

दिपिकाचं लिगामेंट तुटलंय. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले वर्षभर पळायचं नाही, आणि नंतरही पूर्वीसारखं होईल असं सांगता येत नाही. ह्या वर्षीची भरती गेली. पुढच्या वर्षी घरचे लग्नाचं बघतील, असं ती स्वतःच म्हणाली.

प्रिन्सिपलनी रिपोर्ट मागितला. म्हणाले, "ऋचा, तुझं इंग्लिश चांगलं आहे, तूच लिही. आणि कॉलेजवर काही येणार नाही असं लिही." मी लिहिलं. तिसरी ओळ अशी होती, की खेळाडूने आधीची दुखापत कोचपासून लपवून ठेवली.

त्यावर घरच्यांची आणि दिपिकाची सही हवी होती. मी ओव्याला गेले. तिची आई, सत्यवतीमावशी, तिने मला पंख्याखाली बसवलं, चहा दिला. "आमचीच पोर हट्टी हाय गो मॅडम, तुमी तरी काय करनार. वाचून सांगा काय लिवलंय." मी मराठीत करून सांगितलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, मग एकदम चौथी. मावशीने सही केली. दिपिकाने पलंगावर पडल्या पडल्या केली. मी चहा संपवून आले.

तीन आठवडे मला कोर्टवर शिट्टी वाजवता येत नव्हती. काल परत ओव्याला गेले. मावशीला सगळं सांगितलं, ती ओळ, बर्फ, सगळं. ती उठून आत गेली, परत आलीच नाही.

दिपिका भिंतीकडे बघत म्हणाली, "मॅडम, मी टी.वाय.ला हाय. मला वाचता येतं. तुमी ती ओळ सोडलीत तवा मी कागदाकडंच बघत होते."

"मग सही का केलीस?"

"तुमची नोकरी गेली असती ना. मग पोरींना कोन शिकवनार? माझं तर गेलंच होतं."

तिचे शूज अंकिताला दिलेत म्हणाली. नवीनच होते.

तिथूनच कॉलेजला गेले, खरा रिपोर्ट लिहून दिला. प्रिन्सिपलनी वाचला. म्हणाले पहिला कधीच पुढे गेला, आणि माझा ड्रॉवरमध्ये टाकला. "तुझे अकरा महिने मार्चमध्ये संपतात ना?" एवढंच विचारलं. म्हणजे तिने जे वाचवायला सही केली, तेसुद्धा मी वाचवलं नाही. गुडघा तर गेलाच.

तुम्ही परत या, असं लिहायला बसले होते मी सकाळी. ते पान फाडलं. तुम्ही कशाला याल.

माफी मागत नाहीये. ती कुणाकडे मागायची तेच मला कळत नाही, तुमच्याकडे की ओव्याला. फक्त तुम्हाला माहीत असावं, की त्या दिवशी टेबलापाशी जाऊन पेन उचलणं किती कठीण होतं, ते मला आता कळलंय. मला ते जमलं नाही.

कमरेला शेक घेत जा.

त्या पत्रावर पाच जणींच्या सह्या होत्या. ह्यावर एकटीची.

ऋचा