शेगडीतला लाल ठिपका

आप्पा, गेल्या महिन्यात कळंबच्या काकू त्यांची इंडक्शन शेगडी घेऊन आपल्या चौक गावच्या दुकानात आल्या. भांडं ठेवून मिनिट होत नाही तोच ती जास्त तापल्याची खूण दाखवायची आणि बंद पडायची. "थंडगार हाय गं, हात लावून बघ," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूसारखी झालीय. कोणी काय बोलायच्या आधीच तापते." मी हसले. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, दुकान मीच बघते, पण गिऱ्हाइकासमोर यंत्र उघडताना अजून तळहातांना घाम येतो. म्हणून त्यांना समोर चहाला पाठवलं.

तुम्ही शिकवलेल्या क्रमानेच गेले. आधी मागची जाळी: धूळ होती, झुरळाचे पंख होते, पण हवा जात होती. मग पंखा, फिरत होता. मग काच उचलली. मधोमध तो काचेची उष्णता मोजणारा मसुराएवढा सेन्सर, काचेला खालून टेकलेला. बहुतेक वेळा तोच बिघडतो, बदलला की काम होतं. मीटर लावायला त्याच्या तारेमागे बोट नेलं, तर तार कापलेली. त्याच्या जागी सर्किटवर एक साधा रेझिस्टर जोडला होता, म्हणजे काच कितीही तापली तरी शेगडीला ती गारच वाटावी. इतक्या वर्षांनी त्या रेझिस्टरचा पाय कलून शेजारच्या जोडाला चिकटला होता, म्हणून आता ती उलटंच सांगत होती. सोल्डरिंग ओबडधोबड होतं आणि त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. आपल्या हातचा जोड ओळखू यावा म्हणून आईच्या बाटलीतून तुम्ही लावायचात, तो.

 बारावीत असताना मी हेच केलं होतं. कोंडाण्याच्या खानावळवाल्याला घाई होती, सेन्सर आणायला कर्जतला जावं लागणार होतं, म्हणून रेझिस्टर लावून शेगडी दिली आणि तुम्हाला मोठ्या ऐटीत सांगितलं. तुम्ही ओरडत नाही. शटर ओढता, स्कूटर काढता.  त्याच्या दारात मला पुढे करता. "सांग, काय केलंस ते." मी रडत सांगते. तो माणूसच अवघडतो, "जाऊ द्या ओ, पोर हाय." तुम्ही शेगडी काखेत घेता आणि मला विचारता, "तिला गप बसवली म्हंजे ती गार झाली का गं?" परतताना तुम्ही वडापाव घेऊन दिलात. तो मी कागदातच घरी आणला.

काकू आल्यावर विचारलं, मधे कधी खूप तापली होती का? "एकदा कढई लाल झालेली. तेलाचा नुसता धूर. मीच फोनवर बोलत बसलेले, म्हणून घरात कोणाला काय बोलले नाय."  कोंडाण्याच्या त्या दारात मला उभं केलंत, तसं आता तुम्हाला उभं करायला हवं होतं. मला जमलं नाही.

"काकू, चूक आमची आहे. मागच्या वेळी सेन्सर न बदलता मीच तार कापून दिली होती."

"तू? तवा तर आप्पाच बसायचे."

"मीच केलं होतं."

"तुझ्या बापाला कळलं असतं तर तुला घरात घेतलं नसतं," त्या म्हणाल्या. मी मान हलवली.

नवा सेन्सर बसवला, रिकामं भांडं ठेवून शेगडी आपणहून बंद पडते ते त्यांना दाखवलं. पण मनाला चैन नाही. अशा आणखी किती असतील? जुनी गिऱ्हाइकं आठवून फोन केले, दाराशी पाटी लावली. अकरा शेगड्या आल्या. सगळ्यांत सेन्सर जागेवर, तार जागेवर, ठिपकाही नीटस. तुमची तशी एकच निघाली. मला वाटलं होतं, बरं वाटेल.

मग काकूंना फोन करून विचारलं, दुरुस्तीला कधी दिली होती? "आप्पा गेले त्याच वर्षी, शिमग्याच्या आदल्या आठवड्यात. पाहुणे यायचे होते, मी घाई केली. आप्पा म्हणाले, रविवारी लेक येतेय, ती बसवील. सोमवारी गेले तर म्हणाले, झाली, घेऊन जा."

मी तेव्हा तळेगावच्या कंपनीत होते, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन. तुमचा फोन आला होता. "रविवारी येतेस का गं? एक बारीक काम हाय. मला आता नीट दिसत नाय." साखरेने नजर किती गेली, हे मी विचारलं नाही. सेन्सरची तार केसासारखी असते. रेझिस्टरचे पाय जाड, चाचपडतही बसतात. मी म्हटलं, आप्पा, ओव्हरटाइम आहे. तुम्ही म्हणालात, "बरं, बरं. जेवलीस का?" वैशाखात तुम्ही गेलात. दुकानाच्या खणात नवा सेन्सर पुडीतच होता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तरी खरं लिहिते. काकूंना मी सांगितलं ते अगदीच खोटं नव्हतं. त्या रविवारी कंपनीला सुट्टी होती. मी खोलीवर केस धुऊन झोपले होते.