पंखाची घडी

सोमवार, ता. ३

तीन आठवडे! गजराच्या एका घड्याळाला तीन आठवडे! तेवढ्यात माणसाचं मोडलेलं हाड जुळून येतं. आणि चिठ्ठीवर काय लिहिलंय? वस्तू : गजराचं घड्याळ. तक्रार : गजराचा घसा बसलाय. (हे मीच सांगितलं होतं, त्याने हसत हसत तसंच्या तसं उतरवलं.) कधी मिळेल : बघू.

बघू! तारखेच्या जागी बघू! आमच्या लाँड्रीतही प्रत्येक गाठोड्याला चिठ्ठी असते. दवाखान्याच्या चादरी, बुधवार. म्हणजे बुधवार. मी तिथे 'बघू' लिहिलं तर मुकादमीण मला ड्रायरमध्ये टाकून फिरवेल. मोबाईलचा गजर आहे म्हणा, पण तो म्हणजे कुणीतरी कानात गुदगुल्या केल्यासारखा. त्याने मला जाग येत नाही, रागच येतो.

आज दुपारच्या सुट्टीत रस्ता ओलांडून गेले. म्हटलं, 'मास्तर, आज नेणार म्हणजे नेणार!' मास्तर म्हणजे हाच, घड्याळवाला. कुठल्या शाळेत शिकवलं नाही त्याने, पण सगळं समजावून सांगायची खोड, म्हणून मी ठेवलेलं नाव. डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणतो, 'बघू बाई. बसा, चहा घ्या. मिठाच्या बॅटरीची बातमी ऐकली का?'

मिठाची बॅटरी! झालं. घड्याळ विसरले. अर्धा तास नुसतं मीठ, मीठ, मीठ. ड्रॉवरमध्ये कुणाचं तरी घड्याळ खणखणलं तेव्हा भानावर आले. 'चला, तुमची सुट्टी संपली,' म्हणाला. आले हात हलवत परत!

मंगळवार, ता. ४

लेकीने मोबाईलमध्ये एक बाई बसवून दिलीय, ती बातम्या वाचून दाखवते. मला वाचता येतं. पण शाळा चौथीत सुटली, एक बातमी वाचून होईपर्यंत ती शिळी होते. तर त्या बाईने आज सांगितलं, कपड्यांच्या घड्या घालणारं यंत्र निघालं! दोन हात, एक डोळा. एका टॉवेलला चार मिनिटं.

मुकादमिणीचं तोंड उतरलं. 'आता आपण घरी.' म्हटलं, 'अगं, आपल्याकडे दिवसाचे आठशे टॉवेल. त्याचा पहिला ढीग संपेपर्यंत तू पणजी होशील.' सगळ्या हसल्या. तीही हसली.

पण खरं सांगू? मला ते आवडलं. व्हिडिओ पाहिला. कोपरा धरायला तीनदा चुकलं, चौथ्यांदा बरोब्बर धरला. पहिल्या दिवशी मीही अशीच चुकत होते. शिकेल मेलं!

बुधवार, ता. ५

चादरी वेळेवर गेल्या. घड्याळ नाही.

गुरुवार, ता. ६

आज फजिती झाली. लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

एक यान धूमकेतूच्या मागे निघालंय. सकाळी ड्रायरच्या घरघराटात मोबाईलवाली बाई म्हणाली, यानाची घडी अडकली, वीज कमी पडतेय, मोहीम धोक्यात. मी सुट्टी झाली तशी पळतच गेले. 'मास्तर, तुमच्या कामाचं आहे! यानातलं घड्याळ अडकलंय!'

त्याच्यापुढे पेपर पसरलेला. म्हणाला, 'अहो बाई, घड्याळ नव्हे, घडी! उन्हातून वीज करणारे दोन पंख आहेत. चादरीसारखी घडी करून वर पाठवले. एक उलगडला, एक अडकला. हे माझ्या नव्हे, तुमच्या कामाचं आहे.'

दिवसभर घड्या घालणारी बाई मी! आणि घडी म्हटल्यावर मला घड्याळ ऐकू यावं? कान धुवायला टाकले पाहिजेत.

मग मात्र नीट बसून विचारलं. किती दिवस होता पंख घडीत? तो म्हणाला, दोन वर्षं. झालं तर! म्हटलं, 'चिकटलाय. जाड चादर वर्षभर एकाच घडीत पडली की दुमडीवर धरून बसते. तिला ओढायचं नाही, फाटते. दुमडीच्या बाजूने ऊन दाखवायचं. आणि मग एक झटका.'

'बाई, तो धातूचा आहे.'

'मग? धातूला ऊन लागत नाही?'

भिंग कपाळावर सरकवलं. 'लागतं. पण उघडायचा नाही तो. बारीक बिजागरी एकदा धरली की धरली. माझा जन्म गेलाय त्यात.'

'उघडणार!'

'बघू.'

माणसाला दुसरा शब्दच येत नाही.

शुक्रवार, ता. ७

पैज लागली! मी म्हणते उघडेल, तो म्हणतो नाही. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या एका प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं. हो किंवा नाही. अट माझीच : 'बघू' म्हणायचं नाही. एवढा हसला की भिंग चहात पडलं. चमच्याने काढलं, पुसलं, परत डोळ्याला लावलं. 'आता सगळं गोड दिसतंय,' म्हणे.

यानाचं नाव मी लंगडी ठेवलंय.

रविवार, ता. ९

लेकीचा फोन. 'आई, तुला आकाशात काय करायचंय? गुडघा दाखवलास का डॉक्टरांना?' म्हटलं, गुडघा इथेच आहे, कुठे जात नाही. लंगडी मात्र रोज लाखो मैल लांब जातेय.

शास्त्रज्ञ हा शब्द लिहिताना तीनदा खोडलं. यापुढे शास्त्रवाले लिहिणार.

सोमवार, ता. १०

दुकानावर पाटी. 'दुकान बंद होत आहे. आपापली घड्याळे ३१ तारखेपर्यंत न्यावीत.'

रस्त्याच्या मध्येच उभी राहिले. सायकलवाला शिव्या देऊन गेला. मला वाटलं, मी चुकीचं वाचलं. परत वाचलं. या वेळी नेमकं बरोबर वाचलं होतं.

त्याच्या मुलीने बोलावलंय, दुसऱ्या गावी. बाबा, एकटे किती दिवस राहणार म्हणते. चूक नाही तिची. तो म्हणाला, 'आता घड्याळ कोण दुरुस्त करतं, बाई? लोक मनगटावर डॉक्टर बांधून फिरतात. ठोके मोजतो, पावलं मोजतो. वेळही दाखवतो म्हणे, सवड झाली तर.'

विचारलं, 'नक्की जाणार?'

'बघू.'

'पाटी लावलीत आणि बघू?'

भिंग पुसत बसला. गजर वाजला, मी उठले. परत येऊन चाळीस उशांचे अभ्रे उलटे घडी केले. मुकादमिणीने सगळे परत उलगडायला लावले.

त्याची बायको जाऊन सात वर्षं झाली, माझा नवरा जाऊन अकरा. आम्ही त्याबद्दल बोलत नाही. बोलायला धूमकेतू असतात. तो गेला तर मी धूमकेतूबद्दल बोलू कुणाशी? मुकादमिणीशी?

बुधवार, ता. १२

ऊन दाखवणार! लंगडीला ऊन दाखवणार! शास्त्रवाल्यांनी ठरवलंय, अख्खं यान वळवायचं, अडकलेल्या पंखाची पाठ सूर्याकडे करायची, आणि दहा दिवस शेकायचं. मधूनमधून झटका. माझं म्हणणं! शब्दाला शब्द!

मी अशी ओरडले की ड्रायरच्या आवाजातही ऐकू गेलं. मुकादमीण धावत आली. 'काय गं, लॉटरी लागली?'

'नाही, तिला उन्हात ठेवणार!'

'कुणाला?'

'लंगडीला!'

'तू शेळी कधी पाळलीस?'

मास्तरला सांगायला गेले तर तो पेपर घेऊन दारातच उभा होता. 'खरं सांगा, पत्र पाठवलंत ना त्यांना?'

शनिवार, ता. १५

पहिला झटका दिला. पंख बोटभर हलला आणि परत अडकला.

मला वाटलं, मास्तर आता चिडवणार. नाही चिडवलं. 'ऊन खाऊ द्या अजून तिला,' म्हणाला. पैज त्याची आणि काळजीही त्यालाच. हा कुणाच्या बाजूने आहे?

मंगळवार, ता. १८

दुकानात खोकी आली. भिंतीवरची घड्याळं उतरवलीत. जिथे जिथे घड्याळ होतं तिथे रंगाचा उजळ गोल उरलाय. मोजले, सव्वीस. सव्वीस वाटोळी तोंडं आपल्याकडे बघतायत असं वाटतं.

मुद्दाम चांगली बातमी घेऊन गेले होते. हृदयाला ठोका देणारं यंत्र, तांदळाच्या दाण्याएवढं! काम झालं की अंगातच विरघळून जातं, परत कापाकापी नाही! मी हातवारे करून सांगत होते. मास्तरने भिंग काढून टेबलावर ठेवलं.

'माझ्या बायकोच्या वेळी नव्हतं हे,' एवढंच म्हणाला.

मी कधी गप्प बसत नाही. आज बसले. मग त्यानेच चहा ओतला. 'पण निघालं ना! दुसऱ्या कुणाच्या बायकोला तरी मिळेल. तांदळाएवढं, बाई! त्यात चाक किती लहान असेल!' आणि डोळे परत लखलखले. या माणसाचं मला हेच...

गजर वाजला. आले.

शनिवार, ता. २२

उघडली! उघडली! उघडली!

अकरा वाजता. मी इस्त्रीच्या रोलरमध्ये चादर सारत होते. मोबाईलमधली ती मख्ख बाई, पावसापाण्याचा अंदाज सांगतात त्याच आवाजात म्हणाली, पंख पूर्ण उलगडला. अगं, जरा ओरड की! मीच ओरडले. चादर अर्धी सोडून पळाले. मागून मुकादमीण, 'अगं चादर! चादर!' म्हटलं, 'तिची तीच जाईल!' गुडघा दुखतो हे आठवलंच नाही.

मास्तर समोरून पळत येत होता. पायात एकच चप्पल. रस्त्याच्या मधोमध गाठ पडली. 'घडी मोडली!' तो ओरडला. नव्या कपड्याची मोडतात तशी! दोघं उभे राहून लहान पोरांसारखे हसत होतो. ट्रकवाला हॉर्न देऊन देऊन थकला. शेवटी खिडकीतून डोकं काढून म्हणाला, 'काय झालं, काका?' मास्तर म्हणाला, 'उघडली!' तो म्हणाला, 'वा!' कशाचं वा, देव जाणे. पण म्हणाला मनापासून.

फुटपाथवर आल्यावर मास्तर म्हणाला, 'हरलो. विचारा तुमचा प्रश्न.'

इतके दिवस दहा प्रश्न तयार होते. एकही आठवेना. म्हटलं, 'पुढच्या आठवड्यात.'

मग तो जाता जाता म्हणाला, 'त्या दिवशी पेपरात घडी शब्द वाचला ना, पुढचं वाचायच्या आधीच उठणार होतो मी. म्हटलं, आधी बाईंना सांगायला पाहिजे.'

रविवार, ता. २३

भाजी निवडताना सुचलं. दिवसभर घड्या घालते मी, आणि मला घड्याळ ऐकू आलं. जन्मभर घड्याळं उघडतोय तो, आणि त्याला चादर दिसली.

भाजी तशीच राहिली.

मंगळवार, ता. २५

मास्तर आत पाणी आणायला गेला आणि ड्रॉवरमधला तो रोजचा गजर वाजला. बंद करावा म्हणून ड्रॉवर ओढला.

माझं घड्याळ!

माझंच. लहानपणी लेकीने जमिनीवर आपटलं होतं, तो पोचा तसाच आहे. आवाज मात्र इतका खणखणीत झालाय की रोज ऐकून ओळखला नाही. मला सवय बसलेल्या घशाची! गळ्यात दोरीने चिठ्ठी बांधलेली. 'दुरुस्त. ता. १४.' चौदा म्हणजे गेल्या महिन्याची! टाकलं त्याच आठवड्यात झालं होतं! आणि गजर लावलेला एक पंचविसाला. सुट्टी संपायच्या पाच मिनिटं आधी. मला उशीर होऊ नये म्हणून.

वळले तर मास्तर दारात, हातात तांब्या. कान लाल. साठीच्या माणसाचे कान एवढे लाल होतात हे मला माहीत नव्हतं.

'कधी झालं हे?'

'झालं होतं तसं... म्हटलं, तुम्ही नेलंत तर मग... बघू...' पाणी सगळं पायावर.

मी काय केलं? घड्याळ परत ड्रॉवरमध्ये ठेवलं. ड्रॉवर लावला. म्हटलं, 'अजून थोडं काम आहे त्यात,' आणि रस्ता ओलांडून आले. दुपारभर एकही घडी वाकडी पडली नाही. मुकादमीण म्हणाली, 'आज काय यंत्र झालीस की काय?'

बुधवार, ता. २६

लेकीने दिलेला निळा पोशाख तीन वर्षं कपाटात होता. आज घडी मोडली.

दुकानात गेले. बसले नाही, चहा घेतला नाही. त्याच्याच पुस्तकातली एक चिठ्ठी फाडली, त्याच्याच पेनाने भरली आणि भिंगासमोर धरली.

वस्तू : मास्तर आणि मी.
तक्रार : फार दिवस घडीत पडून चिकटलोय.
प्रश्न : लग्न करता का माझ्याशी? हो किंवा नाही.
कधी मिळेल : शुक्रवार, ता. २८, गजर वाजायच्या आत. बघू चालणार नाही.