खिडकीशी टांगलेलं माप

४ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ओरडून बोलायची मला लाज वाटते, म्हणून पत्र. हसू नका, पण मी पळायला लागले आहे. हो, मीच. घरासमोरच्या मैदानावर सकाळी सहा-सात जण पळतात, त्यांनी मला ओढलं. खरं सांगू, पळण्याचं मला एवढं काही नाही. दिवसभर कचेरीच्या नोंदणीखोलीत मी आणि कपाटं, संध्याकाळी घरी मी आणि भिंती. त्या अर्ध्या तासात काय ते कुणी माझ्याशी बोलतं. परवा गेले नाही, तर त्यांच्यातल्या आजोबांनी काल विचारलं, कुठे होतात म्हणून. कित्येक वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं.

पण साध्या बुटांनी गुडघा धरतो. दुकानात गेले तर भिंतभर बूट, डोकंच चालेना. तुम्ही चाळीस वर्षं बुटांच्या कारखान्यात पायांचे लाकडी फर्मे कोरलेत, तेव्हा कोणते घेऊ ते तुम्हीच कळवा.

लोभ आहेच, तो थोडा गुडघ्यापर्यंतही पोचू द्या.

तुमची,
गोगलगाय

१३ जानेवारी

चि. गोगलगाय हिस,
अनेक आशीर्वाद.

शाळेची घंटा झाली तरी एकाच पायात मोजा घालून बसणारी तू, आणि पळतेस! पत्र दोनदा वाचलं, मग शेजारच्या मास्तरांना वाचून दाखवलं. त्यांनाही खरं वाटेना.

दुकानदाराच्या नादी लागू नकोस. तू नोकरीला निघालीस तेव्हा तुझ्या पायावरून कोरलेला फर्मा अजून खिडकीशी टांगलेला आहे. रोज पुसतो. तो पिशवीत घालून मोठं दुकान गाठलं आणि सात जोड त्यावर चढवून पाहिले. दुकानातली बाई हसत होती, हसू दे. आठवा बरोबर बसला. पळताना पाय पुढे सरकतो म्हणून अर्धा अंगठा जागा सोडली आहे. पार्सल आजच पाठवलं.

पत्र धाडत जा, म्हणजे टपालवाला तरी आमच्या दाराची ओळख ठेवील.

तुझे,
बाबा

२५ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बूट मिळाले. अगदी मापात. तुमच्या फर्म्याला मानलं. रोज पळते, गुडघ्याची तक्रार नाही. काळजी नसावी. मास्तरांना नमस्कार सांगा.

माया करता तशीच करत राहा.

तुमची,
गोगलगाय

३ फेब्रुवारी

चि. गोगलगाय हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून मी गल्लीत ताठ मानेने हिंडतो आहे. मास्तर कंटाळले माझ्या बढायांना.

पण फर्म्यावरून पाय कळतो, चाल कळत नाही. चाल तळावर उमटते: टाच बाहेरून झिजते की आतून, चवडा कुठे टेकतो. महिनाभर पळून झालं की तो जोड मला पाठव. तळ पाहून पुढचा जोड बिनचूक घेईन. टाळाटाळ चालणार नाही.

आठवण काढत जा, आम्ही काढतोच.

तुझे,
बाबा

८ मार्च

चि. गोगलगाय हिस,
अनेक आशीर्वाद.

जोड मिळाला. सोबत चिठ्ठीसुद्धा नव्हती, तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. उजेडात बसून भिंग लावलं. तळाची नक्षी जशीच्या तशी आहे. आत बोट घातलं तर अंगठ्यापाशी अस्तरावर वाळलेलं रक्त. दोन-चार दिवस पळालीस, नख दुखावलं, मग बूट गेले पलंगाखाली. बरोबर ना?

जन्मभर ज्याला त्याला सांगत आलो की वयाबरोबर पाय पसरतो, दर खेपेला नव्याने माप घ्या. आणि स्वतःच्या लेकीला बावीस वर्षांची धरून बसलो. सहा वर्षांत तुझं तोंड पाहिलेलं नाही, मग पाय कुठून दिसणार? फर्मा पुसायचा आणि त्यावरच भागवायचं. ते माझं चुकलं. पण तू सांगितलं का नाहीस? त्याचंच जास्त लागलं.

रागावलो तरी लोभ तसाच आहे.

तुझे,
बाबा

१६ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बरोबर ओळखलंत. चौथ्या दिवशी नख गेलं. दुसरे बूट घेता आले असते, पण मन धजेना. आई गेल्यावर त्या घरात पाय टाकायची भीती वाटायची, म्हणून रजा नाही म्हणत राहिले. तिथे माझं म्हणावं असं एक ते माप होतं. तेही आता मला होत नाही, हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून पळणंच सोडलं. आजोबांनी दोनदा निरोप पाठवला, मग तेही थांबले. रोज सकाळी खिडकीतून त्या सगळ्यांना पळताना पाहते. फार एकटं वाटतं, बाबा.

आठ दिवसांची रजा टाकली आहे. गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. थांब्यापासून घरापर्यंत पळत येईन. तुम्ही दारात उभे राहा आणि माझा पाय कसा पडतो ते पाहा. पावलाचा ठसा घ्यायला परातभर पाणी आणि जुना पेपर काढून ठेवा. नव्या फर्म्यासाठी लाकूडही बघा. जुना मात्र तिथेच असू दे.

यायला थोडा उशीर होईल, नख अजून पुरतं आलेलं नाही. पण दारातून हलू नका.

तुमची,
गोगलगाय