कान लावून कापायची फुलं

२ ऑगस्ट, सोमवार

तळमजल्यावरच्या रहिवाशांनो! वरचे ठरवतात आणि आपल्याला नुसतं कळवतात — हे किती वर्षं चालायचं?

भाषणाची सुरुवात अशीच करायची. पंधरा तारखेच्या सभेत एकही मान खाली राहता कामा नये! कमिटीची नोटीस लागली आहे: मागच्या अंगणातलं, निळ्या गेंदांसारखी फुलं येणारं हायड्रेंजियाचं झुडूप वीस तारखेला उपटणार, तिथे गाड्या लावणार. गाड्या कुणाच्या? वरच्यांच्या! झुडूप कुणाचं? माझ्या धाकट्या दिरानं लावलेलं. तो गेला, झुडूप राहिलं. झुडपासमोरच्याच खिडकीत, शेजारच्या घरात, त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ, दिवसभर शिवणयंत्र चालवते. एक शब्द बोलत नाही. म्हणून मी बोलणार.

बेत असा: फुलं आधीच वाळवायची आणि सभेत सेक्रेटरीच्या नाकासमोर ठेवायची — ही घ्या, आता ही उपटा!

४ ऑगस्ट

चौदा गेंद कापले. ऐन निळे! स्वयंपाकघरात दोरीला उलटे टांगले. जाऊ दारातून म्हणाली, "जाऊबाई, आजच?" म्हटलं, लढाईत मुहूर्त बघत नाहीत. गेली निघून.

७ ऑगस्ट, शनिवार

चौदाही गेले. धुऊन न पिळलेल्या रुमालांसारखे लोंबतायत.

जाऊनं त्यातला एक उचलला. "भाषणाची घाई फुलांना चालत नाही." वर्षातून चार वाक्यं बोलते, पण एकेक सुरीसारखं!

मग मला बागेत नेलं. भर रंगात कापायचंच नाही, म्हणे. झुडपावरच म्हातारं होऊ द्यायचं. निळ्याचा हिरवट झाला, पाकळी कागदासारखी लागली, की कान लावायचा. बोट फिरवल्यावर फूल कुरकुरलं तर कापायचं. मग पानं काढून दोन बोटं पाण्यात उभं करायचं, आणि त्या पाण्यात भर घालायची नाही. पाणी आपोआप आटतं, फूल उभ्या उभ्या वाळतं. वर्षभर रंग सोडत नाही.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुमच्या दिरांनी."

उरलेले तीसेक गेंद कधी तयार होतील विचारलं. अठ्ठावीसला, म्हणाली. आणि खोदणारे वीसला!

म्हणजे आता फुलं वाचवून भागत नाही. झुडूपच वाचवलं पाहिजे.

११ ऑगस्ट

सगळं भाषण स्वयंपाकघरात म्हणून पाहिलं. कुकरनं तीनदा दाद दिली.

१५ ऑगस्ट, रविवार

लिहू की नको? लिहिणार!

मी बोलले. अर्धा तास. टाळ्या पडल्या. सेक्रेटरी शांतपणे उठला. "बाई, फार छान. पण तळमजल्याच्या सहा घरांपैकी चारांची संमती लागते, ती चार आहेत." कागद वर धरला. पहिलीच सही — माझी!

आठवलं. गेल्या महिन्यात दारात आला होता. माझ्या हातात पुस्तक, ऐन रंगात आलेलं. "पाण्याच्या टाकीचंच ना?" एवढं विचारलं आणि केली सही. चाळीस वर्षं वर्गात घसा फोडून सांगितलं, वाचल्याशिवाय सही करू नका! आणि मी?

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मी भाषणाचे कागद गोळा करू लागले.

जाऊ उठली. "माझ्याकडेही आणला होता कागद. मी वाचला. म्हणून सही केली नाही." खाली बसली. माझं अर्ध्या तासाचं भाषण एका बाजूला आणि ही तीन वाक्यं एका बाजूला.

१६ ऑगस्ट

सेक्रेटरीकडे जाऊन म्हटलं, सही मागे घेते. तो हसला. "घ्या की! फक्त कारण लेखी द्या, फलकावर लागेल. आणि पाचव्या घरच्या टेलरची सही मी आणतोच."

त्याला वाटतं, बाई लाजेल. लाजेलच! पण लाजेला घाबरून गप्प बसेन, तर ती मी नव्हे.

१७ ऑगस्ट

फलकावर स्वतः लावलं. टपोऱ्या अक्षरात: "मी न वाचता सही केली. चूक माझी. ती सही मी रद्द करते." खाली नाव.

जाऊनं वाचलं. म्हणाली, "हे बरं बोललात."

१९ ऑगस्ट

उद्या खोदणारे. फलकाकडे बघायची छाती होत नाही. म्हणजे सकाळी उठून आधी तेच करायचं!

२० ऑगस्ट, शुक्रवार

माझ्या ओळीखाली तीन वेगळी अक्षरं. तिसरं टेलरकाकांच्या बायकोचं होतं, सुईसारखं बारीक — "आमच्या घरची सही मिळणार नाही. कागद वाचला." तिच्या ओळीवरची दोन, आधी सही केलेल्या घरांची: "मीपण वाचला नव्हता. रद्द." "मीपण. रद्द."

चारांतली एकच सही उरली. खोदणारे फाटकातूनच परत गेले.

आता फलकावर एवढंच लिहायचं आहे: तळमजल्यावरच्या रहिवाशांनो, अठ्ठावीसला सकाळी कात्री घेऊन झुडपापाशी या. कापण्याआधी कान लावा.