तिखटपणा मध्यम

मखमलाबाद, नाशिक

ती. आत्याला हर्षालीचा नमस्कार (पाया पडले असंच समज). गुडघा कसा आहे? तेल चोळतेस, की बाटली नुसती शेजारी ठेवतेस? फोनच केला असता, पण तुझा फोन मामा स्पीकरवर टाकतात आणि हा विषय ओसरीवर ऐकवण्यासारखा नाही.

तू देवळ्याचं स्थळ आणलंस, म्हणून बाबांनी मला माझाच बायोडाटा टाईप करायला बसवलं. घरातली पहिली पदवीधर मी, त्यामुळे हळदीकुंकवाच्या आमंत्रणापासून वीजबिलाच्या तक्रारीपर्यंत सगळं लिखाण माझ्याकडेच. त्याच दिवशी चिमाजीकाकांना कांद्याच्या बियाण्याचं पत्रक हवं होतं आणि मला एम.ए.च्या प्रवेशासाठी निवेदन पाठवायचं होतं. तिन्ही खिडक्या स्क्रीनवर शेजारी शेजारी उघडल्या. (एका वेळी एकच काम करावं, असं आई म्हणते. ती स्वतः भाकरी थापता थापता शेजारणीशी भांडते.)

इकडचं उचलून तिकडे चिकटवायचं, इतकंच काम. पण 'गुणवैशिष्ट्ये' हा मथळा बायोडाट्यातही होता आणि पत्रकातही. देवळ्याला गेलेल्या बायोडाट्यात माझं वर्णन असं : रंग लालसर, साल घट्ट, तिखटपणा मध्यम, साठवणुक उत्तम, हवेशीर जागी ठेवल्यास लवकर मोड येत नाहीत. त्याखाली 'अपेक्षा'मध्ये एम.ए.च्या निवेदनातलं वाक्य : दोन वर्षं मनापासून शिकू द्यावं, एवढीच विनंती. आणि काकांचा कांदा बी.ए. झालेला, मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष. त्याला गिऱ्हाईक निर्व्यसनी आणि नोकरदार हवं. काका न वाचताच पत्रकं वाटून मोकळे झाले. पिंपळगावच्या बाजारात एकाने त्यांना विचारलं, "काका, कांदा कोणत्या कॉलेजचा?"

बाबांनी बायोडाट्यातलं कांद्यापर्यंतच वाचलं आणि बोलणं बंद केलं. आई बोलते. तिचं म्हणणं, मध्यम हे साफ खोटं आहे.

माझ्यामुळे तुला खाली बघावं लागलं, माफ कर. ती मंडळी आता रविवारी कशाला येतील?

तुझी भाची,
हर्षाली

ता.क. चूक पाठवायच्या आधीच दिसली होती. पण 'गृहकृत्यदक्ष' परत वाचलं आणि वाटलं, दोन्हींत कमी खोटं कांद्याचंच आहे. हे बाबांना सांगू नकोस. एम.ए. होईपर्यंत देवळ्याचं नाव काढू नका, एवढंच सांग. तुझं ते ऐकतात.

आणखी ता.क. पाकीट चिकटवणार, तोच देवळ्याच्या त्या महेशने बायोडाटा परत पाठवला. 'साठवणुक'मधला णु लाल रंगात दीर्घ केलाय आणि खाली लिहिलंय, "बाकी मजकूर ठीक. अपेक्षा मान्य. रविवारी येतो." शब्दकोश काढून पाहिला. त्याचंच बरोबर आहे (राग आला). तेव्हा आधीचा ता.क. रद्द समज. रविवारी तूही ये आणि ती अपेक्षा बाबांना सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखव. मी वाचली तर म्हणतील, हीसुद्धा कांद्याचीच.