सुकेटेकचे उपडे माठ

९ एप्रिल
आणि म्हणे मीच धंदा बिघडवते! मी उन्हात फिरून सुकेटेकचा इतिहास गोळा करतेय, आणि हा भटू गाइड टूरिस्टना सांगतोय — "शाप शे आठे! एका रातमा गाव खाली!" एका रात्रीत गाव रिकामं? अरे, वर्षानुवर्षं लागली! विहीर आटली, मग एकेक घर खांडबाऱ्याला गेलं. सिंपल! पण जाताना प्रत्येकाने दारात उपडा माठ ठेवला ना — तेवढं बघूनच पब्लिक किंचाळतं आणि सेल्फी काढतं.

१० एप्रिल
आता छोटे उपडे माठ विकायलाही ठेवलेत. वर 'हॉन्टेड' लिहून. या अल्लाह!

११ एप्रिल
भटूशी भांडले. माहितीची पाटी मीच लिहिणार, पंचायतीने मला सांगितलंय! तर म्हणतो, "नमिराताई, तुमनी पाटी वाचाले कोन येई? लोके भूतले भेटाले येतस. मन्ह्या पोरीस्नी शाळा त्या भूतवर चालस!"
पोरींच्या शाळेचं पटलं. तरी राग आहेच.

१३ एप्रिल
खांडबाऱ्याला भटूच्याच आईकडे गेले — धनुबाई. सुकेटेक सोडणारी शेवटची बाई. माठांचं विचारलं तर हसतच सुटली. आमच्याकडे वाटसरू कुठल्याही दारात पाणी मागायचा, म्हणे. घरात पाणी नसलं की माठ उपडा. "पानी नही, पुढे चाल — हाई सांगाले, पोरी." बस, एवढंच! शाप-बिप काही नाही!!
मी खुशीत बोलून गेले, "आजी, आता तिथे बोअर मारलाय. टूरिस्टच्या टॉयलेटसाठी."
तिचं हसू थांबलं. "पानी शे तठे? भटूनी सांगंच नही माले."

१५ एप्रिल
पाटी रंगवून झाली. एकदम परफेक्ट!

१७ एप्रिल
धनुबाई गाठोडं घेऊन सुकेटेकला परत आली! आपल्या दारातला माठ धुतला, सरळ ठेवला, भरला. चूल पेटवली. भटू ओरडतोय, "माय, घर चाल! धंदा बसना मन्हा!" ती म्हणे, "घरमाच तं शे मी."
सुरतची गाडी आली होती. लोक तिच्या माठातलं पाणी प्यायले, इकडेतिकडे बघितलं. "ये तो नॉर्मल गाँव है" — आणि निघून गेले. भटू माझ्याकडे बघतही नाहीये.
पाटीची शेवटची ओळ आहे, 'आता इथे कोणी राहत नाही.' डायरी, तुला काय वाटतं — खोडू का?